शंभरावर सुरू, एकशे बारावर शेवट : फंकची लय धरायची कशी?

डिचोलीचा ढोलकर | सोमवार, रात्री ११:२०

इतके दिवस नुसता वाचत होतो. आज अडलंय म्हणून धागा काढतो.

आजोबा घुमट (मातीच्या भांड्याला चामडं लावलेलं आमचं गोव्याचं वाद्य) वाजवायचे, बाबा भजनात तबल्यावर. चवथीच्या आरत्यांना माझ्या हातात शामेळाच्या (घुमटासोबतच्या तालवाद्याच्या) काठ्या दिल्या तेव्हा मी दुसरीत होतो. आता दिवसा नोकरी आणि शनिवार-रविवार एका बँडात ड्रम. किनाऱ्यावरचे शॅक, लग्नांची रिसेप्शनं, एखादा वाढदिवस. या सीझनला आमच्या बासवाल्याने फंक (ठेक्यावर चालणारं अमेरिकी नाचाचं संगीत) बसवायचं मनावर घेतलं आणि तिथून माझी साडेसाती सुरू झाली.

त्याचं एकच पालुपद. "कित्याक धांवता रे?" मी म्हणायचो, धावत नाही, गाणं रंगात येतंय. शेवटी गेल्या शनिवारी त्याने फोनवर रेकॉर्ड केलं आणि घरी जाऊन अ‍ॅपवर मोजलं. गाणं मिनिटाला १०० ठोक्यांवर सुरू झालं होतं. पाच मिनिटांनी संपलं तेव्हा ११२. माझी बोलतीच बंद.

मग काल कानात क्लिक (ठरल्या वेगाने टकटक करणारा आवाज) घालून वाजवलं. वेग जागचा हलला नाही, १०० म्हणजे १००. पण ऐकायला असं झालं की शिलाईमशीन चालू आहे. नाचणारा माणूस उभ्या उभ्या झोपेल.

म्हणजे वेग सुटला तरी फंक नाही आणि वेग धरला तरी फंक नाही. फंकचा असा ठरलेला वेग असतो का? आणि वेग बरोबर असून गाणं मेल्यासारखं का वाटतं?

---

बास धरून बस | सोमवार, रात्री ११:५२

आधी तुमच्या बासवाल्याला माझा पाठिंबा नोंदवून ठेवतो. बाकी नंतर. :)

आकडाच हवा असेल तर बरंचसं फंक ९० ते ११५ च्या पट्ट्यात सापडतं. न्यू ऑर्लीन्सच्या द मीटर्सचं 'सिसी स्ट्रट' (१९६९) नव्वदच्या आसपास आहे, स्टीव्ही वंडरचं 'सुपरस्टिशन' (१९७२) शंभरच्या आसपास. पण याच पट्ट्यात बी जीजचं 'स्टेइंग अलाइव्ह' पण बसतं, साधारण १०३-१०४. ते डिस्को. छातीवर दाब देऊन हृदय चालू करण्याच्या प्रशिक्षणात ते गाणं वापरतात, कारण दाब मिनिटाला १०० ते १२० द्यायचे असतात.

गंमत अशी की त्या गाण्यातले ड्रम सलग वाजवलेलेच नाहीत. त्यांच्याच 'नाइट फीव्हर'च्या ध्वनिमुद्रणातला एक तुकडा कापून, टेपची माळ करून तो पुन्हा पुन्हा फिरवलाय. 'सुपरस्टिशन'चे ड्रम मात्र स्टीव्ही वंडर स्वतः वाजवतो, आणि हाय-हॅट (पायाने उघड-झाक होणारी झांजांची जोडी) नीट ऐकलात तर ती सारखी बदलत राहते.

वेग जवळपास तोच. एकाने छाती चालू होते, दुसऱ्याने कंबर.

---

उगाच | मंगळवार, सकाळी ७:१५

एवढं सगळं परदेशातून कशाला आणायचं? हे फंकवाले ज्याला 'वन' म्हणतात, तो मापाचा पहिला ठोका म्हणजे आपली सम, तालाची पहिली मात्रा. हजार वर्षांपासून आपल्याकडे आहे. घुमट वाजवा, झालं फंक.

---

खालीभरी | मंगळवार, सकाळी ९:४०

@उगाच, मी फोंड्यात तबला शिकवतो, त्यामुळे तुमचं म्हणणं खरं असतं तर मला आनंदच झाला असता. पण सम आणि 'वन' एक नाहीत.

सम गाठायची असते. तीनतालाचं सोळा मात्रांचं आवर्तन, 'खाली'वर (मधल्या बिनभाराच्या मात्रेवर) उलटलेलं, तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) येते आणि सगळे मिळून समेवर उतरतात. श्रोता त्या जागेची वाट बघत असतो, म्हणून तर मान हलते. विलंबित ख्यालात ही वाट मिनिटभराची असू शकते.

फंकमध्ये वाट बघण्याइतका वेळच नाही. शंभराच्या वेगात चार ठोक्यांचं माप २.४ सेकंदात संपतं. दर २.४ सेकंदांनी तोच पहिला ठोका, तितक्याच वजनाने. ती गाठायची जागा नव्हे, खुंटी आहे. गाय खुंटीला बांधली की दाव्याच्या लांबीपर्यंत कुठेही चरो. फंकचा जनक मानला जाणारा अमेरिकी गायक जेम्स ब्राउन, त्याने १९६० च्या दशकात सगळा भार पहिल्या ठोक्यावर आणला. त्याआधीच्या रिदम अँड ब्लूजमध्ये जोर दुसऱ्या-चौथ्यावर असायचा. १९७० मध्ये बुट्सी कॉलिन्स हा कोवळा बासवाला त्याच्याकडे आला, तेव्हा त्यालाही हेच शिकवलं : पहिला ठोका दे, मग मधे काय हवं ते कर. बुट्सीने पुढे पार्लमेंट-फंकाडेलिक या बँडात त्यावरच आयुष्य काढलं.

आता धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे. आपण 'लय' हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो म्हणून घोळ होतो. एक असते गती, जी अ‍ॅप मोजतं. दुसरं असतं ठेक्याचं वजन. दोन तबलजी एकाच गतीत केरवा वाजवतात, धा गे ना ती ना क धी ना, बोल तेच, आणि एकाच्या केरव्यावर गायक खुलतो तर दुसऱ्याच्या केरव्यावर तो सारखा मागे वळून बघतो. तुम्ही क्लिक लावून गती सांभाळली, पण सगळं लक्ष तिकडे गेल्यामुळे वजन सोडून दिलंत.

आणि मनाला लावून घेऊ नका, पण तुमची गती का वाढते ते मला आत्ताच कळलंय. चवथीची आरती कशी जाते आठवा.

---

डिचोलीचा ढोलकर | मंगळवार, दुपारी १:०५

आठवलं. सावकाश सुरू होते आणि शेवटी घामाघूम. मधे कोणी लय रोखून धरली तर मोठी माणसं डोळे वटारतात.

---

खालीभरी | मंगळवार, दुपारी १:३०

बरोबर. घुमट-आरती असो, भजनातला गजर असो, आपल्याकडे रंग चढला की गती चढते. ते चुकीचं नाही, तो त्या प्रकाराचा धर्मच आहे. वास्कोच्या सप्ताहात पहाटेच्या गजराला लय वाढवली नाही तर बसलेली माणसं उठणार कशी? तुमच्या हाताला तीस वर्षं शिकवलंय की तापलं म्हणजे पुढे जायचं.

फंकमध्ये तापायचं, पण जागेवर.

---

मडगांव ट्रम्पेट | मंगळवार, सायंकाळी ६:१०

मस्त चाललंय. दक्षिणेकडून माझी भर.

आमच्याकडे जुन्या घरांत मांडो म्हणतात, संथ, सहा ठोक्यांचं माप. लोक डोलतात, कोणी डोळे पुसतं. मग त्यालाच जोडून दुलपद येतं आणि पाय उठतात. म्हणजे उठाव आणायचा तर आम्ही मांडोची गती ओढत नाही, प्रकारच बदलतो. ढोलकरांची आरती गती वाढवते, आमचा मांडो गाणं बदलतो. फंकवाल्याला दोन्ही वाटा बंद. तेच गाणं, तीच गती, बऱ्याचदा सुरावटीतही फारसा बदल नाही, आणि सात मिनिटांनंतर माणूस पहिल्यापेक्षा जास्त नाचायला हवा.

मग वाढवायचं काय? मी फुंकणारा माणूस, माझ्या बाजूने सांगतो : वाढवायची ती शांतता. जेम्स ब्राउनच्या पितळी वाद्यांचा ताफा नीट ऐका, ते बहुतेक वेळ गप्प असतात. एक छोटा फटका, मग मोकळी जागा. चुकून त्या जागेत कोणी वाजवलं तर दंड होता त्याच्याकडे, पगारातून. आमच्या लग्नाच्या बँडात हा नियम आणला तर ट्रम्पेटवाल्यांना स्वतःच्या खिशातून पैसे भरून वाजवावं लागेल.

(आता या धाग्यावर कोणी फंकला 'सुशेगाद' (निवांत) म्हणू नका. पर्यटन खात्याच्या जाहिराती वाचून कान किटलेत.)

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:४५

जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड, त्याचं नाव अजून कसं आलं नाही? 'फंकी ड्रमर'मधला त्याचा ड्रमचा तुकडा १९६९ च्या नोव्हेंबरात मुद्रित झाला आणि पुढे हिप-हॉपवाल्यांनी तो शेकडो गाण्यांत उचलून चिकटवला. त्या उचलेगिरीतून स्टबलफील्डला हक्काचं मानधन मिळालं नाही. गाण्यावर नाव जेम्स ब्राउनचं. २०१७ मध्ये तो गेला.

तो अमेरिकेतल्या चॅटनूगा शहराचा. लहानपणी आसपासच्या कारखान्यांचे आणि आगगाड्यांचे ठोके ऐकून त्याला ताल सुचायचा, असं तो सांगायचा. हे वाचल्यावर मला आमच्या भागातले खाणीचे दिवस आठवले. रात्रभर मालाचे ट्रक जायचे, खड्ड्यात फाळका आपटायचा, दर वेळी जरासा उशिरा. त्या आवाजावर मी दहावीचा अभ्यास केलाय. स्टबलफील्ड झालो नाही, कारकून झालो.

---

केबलवाला | बुधवार, सकाळी ११:३०

साऊंड करतो, त्यामुळे माझं सगळं मिलिसेकंदांत. कंटाळा आला तर पुढे जा.

शंभराच्या गतीत एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. त्याचे चार भाग केले (तबल्याच्या भाषेत चौगुन) की प्रत्येक भाग १५० चा. क्लिकला चिकटून वाजवलंत म्हणजे १५०, १५०, १५०, १५०. हेच तुमचं शिलाईमशीन.

आता दोन-दोन भागांची जोडी धरा, ३०० ची. पहिल्याला थोडं जास्त द्या, दुसऱ्याला कमी : १७४ आणि १२६. गती तीच राहिली, पण चालीला झोका आला. जोडीतला दुसरा बोल फक्त २४ मिलिसेकंद उशिरा पडतो, आणि कंबरेला तेवढं कळतं. पूर्ण २०० आणि १०० केलंत तर तो सरळसरळ तिप्पटीचा झोका, ब्लूजच्या शफलसारखा. फंक बहुतेकदा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी राहतं, आणि वाजवणारा बदलला की ती जागा बदलते.

हे गणित यंत्रातही घातलं गेलं. रॉजर लिनने १९८० च्या एलएम-१ या ड्रममशीनमध्ये झोक्याचं बटण दिलं, नंतर १९८८ मध्ये अकाई कंपनीसाठी केलेल्या एमपीसी-६० मध्येही. सरळ म्हणजे ५० टक्के, तिथून पुढे ७५ पर्यंत. वरचं माझं उदाहरण ५८ टक्क्यांचं. मग उलटी गंगा वाहिली. जे डिला या निर्मात्याने यंत्रावर असे हेलकावणारे ठेके रचले की गायक डी'अँजेलोच्या २००० सालच्या 'व्हूडू' या अल्बमसाठी क्वेस्टलव्हसारख्या कसलेल्या ड्रमरला मुद्दाम लडखडत, मागे रेलून वाजवावं लागलं.

यावरून गतीचं पण उत्तर निघतं. १३० च्या गतीत तोच चौथा भाग ११५ मिलिसेकंदांचा होतो. झोका द्यायला जागाच उरत नाही, सगळं सरळ होत जातं. ८० वर तो १८७ चा होतो, तिथे जागा खूप, पण भरणाऱ्याकडे काही नसेल तर भोकं दिसतात. म्हणून ९०-११५. कोणी नियम केला नाही, हाताने शोधलेली जागा आहे.

ढोलकर, तुमचं क्लिकवालं रेकॉर्डिंग पाठवा. आलेख बघून सांगतो.

---

बास धरून बस | बुधवार, दुपारी १२:१५

उत्तम प्रतिसाद. एक किरकोळ भर : अ‍ॅपवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तेच गाणं कधी ५० दाखवतं, कधी २००. त्याला पाय कुठे पडतो ते कळत नाही.

---

केबलवाला | गुरुवार, रात्री ९:२०

रेकॉर्डिंग मिळालं. परवानगीने इथे लिहितो.

किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअरचे (समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमचे) मोठे ठोके जागेवर आहेत, उगाच घाबरलात. घोळ मधल्या बारीक बोलांत आहे. स्नेअरवरचे जे हलके, जेमतेम ऐकू यावेत असे स्पर्श असतात, ते तुमचे जवळजवळ मुख्य ठोक्याइतकेच मोठे आहेत. आलेखात दाते सगळे सारखे, करवतीसारखे. 'फंकी ड्रमर'चा आलेख काढला तर डोंगर, मग पायथ्याला गवत, मग डोंगर.

दुसरं, दर आठव्या मापाच्या शेवटी ड्रमवरून जो वळसा घेता, त्यातून बाहेर पडताना पहिला ठोका लवकर मारता. क्लिक असतानासुद्धा. क्लिक नसताना तेच उरतं आणि साठत जातं. पाच मिनिटांत तुमचे वाढलेले बारा ठोके तिथून आले.

---

डिचोलीचा ढोलकर | गुरुवार, रात्री ११:४०

वाचून गप्प बसलो होतो. शामेळावर हलका बोल असा नसतोच. काठी पडली की पडली, आवाज मंडपाबाहेर गेला पाहिजे. हाताला हळू मारायची सवयच नाही.

---

खालीभरी | शुक्रवार, सकाळी ८:५०

मग शामेळ सोडा, घुमटाकडे वळा. @उगाच यांचं अर्धं म्हणणं मला इथे मान्य करावं लागणार. :)

घुमटाचं एक तोंड चामड्याचं, दुसरं मोकळं. उजव्या हाताची बोटं चामड्यावर, आणि डावा तळवा मोकळ्या तोंडावर उघड-झाक करतो. तोच बोल उघडा दिला की घुमतो, झाकला की पोटात जातो. तुमचे आजोबा हेच करत असणार. तुमच्या डाव्या पायाखाली जो हाय-हॅट आहे त्याचं काम वेगळं काय आहे? आठ-दहा बोल बंद, एक जरा उघडा, लगेच झाकला. झाकलेले बोल म्हणजे भरीची अक्षरं. ती नसतील तर ठेका पोकळ, ती मोठी झाली तर ठेका कर्कश.

रियाज सांगतो. आठ दिवस वळसे बंद, एकही घ्यायचा नाही. क्लिक ठेवा, पण चार ठोक्यांत एकदाच वाजू दे, फक्त पहिल्यावर, म्हणजे मिनिटाला २५. ते जमलं की असं अ‍ॅप घ्या जे दोन मापं वाजतं आणि दोन मापं गप्प राहतं. गप्प काळात तुम्ही कुठे जाता ते परतीच्या पहिल्या ठोक्याला कळेल. आणि ठेका आधी तोंडाने म्हणा. तोंडात वजन नसेल तर हातात कुठून येणार? आपल्या गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हाताने एक ताल, पायाने दुसरा आणि तोंडाने तिसराच चालवायचे असं सांगतात. तुम्हाला तोंडाने एकच म्हणायचा आहे.

---

मडगांव ट्रम्पेट | शुक्रवार, सकाळी १०:३०

क्लिकचं फार कौतुक नको. १९६०-७० च्या दशकांतल्या कितीतरी फंक रेकॉर्डी क्लिकशिवायच झाल्या आहेत. सगळे एका खोलीत, एकमेकांकडे बघत. मिनिटाला दोन-चार ठोके इकडेतिकडे झाले तर कोणाचं बिघडत नव्हतं.

---

खालीभरी | शुक्रवार, सकाळी १०:५५

दोन-चार आणि बारा यात फरक आहे, ट्रम्पेटराव.

---

उगाच | शुक्रवार, दुपारी ४:००

अर्धं मान्य झालं हेही नसे थोडके. अवांतर : घुमट २०१९ पासून राज्याचं वारसा वाद्य आहे. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्यामुळे आता बकरीचं. जुने लोक म्हणतात घुमार कमी झाला. याचा फंकशी संबंध नाही, पण कोणी म्हटलं नाही म्हणून म्हटलं.

---

डिचोलीचा ढोलकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी २:१५

धागा वर काढतो.

खालीभरींनी सांगितलं तसं केलं. पहिले चार दिवस नको वाटलं. मिनिटाला २५ चा क्लिक म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघण्यासारखं. मी दर वेळी आधीच पोचलेलो. पाचव्या दिवशी माळ्यावरून आजोबांचं घुमट काढलं. एका बाजूला चीर गेली आहे, पण वाजतं. बाबा शेजारी येऊन बसले. मी त्यांना 'फंकी ड्रमर' ऐकवलं. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "हा वाढवत का नाही?" म्हटलं, तेच तर शिकतोय. मग त्यांनीच डाव्या हाताने घुमटाचं तोंड झाकत-उघडत हाय-हॅटची चाल धरली आणि मी मांडीवर बाकीचं. दहा मिनिटं चाललं असेल. बाबांची लय वाढली, माझी नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

काल रात्री लग्नाचं रिसेप्शन होतं. वळसे मी फक्त दोन घेतले, दोन्ही छोटे. बासवाल्याने परत फोन लावून ठेवला होता. १०० वर सुरू, १०३ वर शेवट.

आणि लोक नाचले. पहिल्या मिनिटाला नाही, तिसऱ्या-चौथ्यानंतर. आधी मला वाटलं पडलं गाणं, हात पुढे जायला शिवशिवत होते. तेवढ्यात गिटारवाला दोन मापं थांबला, नुसता बास आणि मी. तिथे एक मावशी खुर्चीवरून उठल्या.

बासवाला काही बोलला नाही. सामान उतरवताना माझी किक स्वतः उचलून टेम्पोत ठेवली. चार वर्षांत कधी केलं नव्हतं.

---

केबलवाला | रविवार, दुपारी ३:००

१०३ म्हणजे ठोका ६०० वरून ५८३ वर आला. माफ.

---

मडगांव ट्रम्पेट | रविवार, दुपारी ३:१०

अभिनंदन! पुढचा कार्यक्रम कधी? ट्रम्पेट घेऊन येतो, दंड भरायला तयार आहे.

---

डिचोलीचा ढोलकर | रविवार, दुपारी ३:४५

येत्या शनिवारी, म्हापशाजवळ. पण वेळेवर या. फंकची तीनच गाणी सुरुवातीला ठेवली आहेत, जेवणं उठली की वऱ्हाड कोळीगीतं मागतं. आणि तिथे मला लय वाढवायला पूर्ण मुभा आहे.